हात लावलेला उंट

कालची बुद्धिबळाची फायनल तिने जिंकली होती. आज दुपारी क्लबात सर तिला समोर बसवून तोच डाव पहिल्या चालीपासून मांडत होते.

"ओपनिंग झकास खेळलीस गं!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल नवव्या चालीला तिने उंटाला हात लावला होता. हात लावलेली सोंगटी हलवायचीच, हा नियम. पण उंट हलवला असता तर वजीर गेला असता. समोरच्या मुलीने हरकत घेतली, तेव्हा ती पंचांशी धडधडीत खोटं बोलली, "मी हात लावलाच नाही." पंचांनी तिचंच खरं मानलं.

आता पटावर तीच चाल आली, आणि उंट घरातून जरासा पुढे सरकला. सरांनी तो जागेवर बसवला. तो पुन्हा सरकला.

"अगं, उंटाला सारखा हात काय लावतेस?"

"मी हात लावलाच नाही," ती म्हणाली आणि तिचे कान तापले.

सर हसले. तिने दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबून धरले.

उंट तरीही सरकला. सरांचं हसू मावळलं. मग उंट हळूच पटावरून वर उचलला गेला, आणि मांडीखालच्या तिच्या चिमटीला गुळगुळीत लाकूड लागलं.