मातेराचे व्याही

“नऊ हजार वर्षं वस्ती आहे त्या शहरात, आत्माराम! आपली रत्नागिरी त्याच्यापुढं कालची पोर,” भिकाजीआप्पा म्हणाले आणि त्यांनी टीव्हीवरचा फोटो पुढं सरकवला.

ओटीवर सगळी वाडी जमली होती. आप्पांचा मुलगा समर्थ बोटीवर इंजिनिअर. त्यानं इटलीतल्या मातेरा शहरातली मुलगी पसंत केली होती. ती, आन्ना, आणि तिचे सत्तरी ओलांडलेले वडील, रोक्को, कालच आले होते. उद्या साखरपुडा. त्याआधी वाडीला व्याही दाखवायचे होते, आणि व्याह्यांचं शहरही.

डोंगराच्या उतारावर एकावर एक चढलेली दगडी घरं. खडकात कोरलेली चर्चं, त्यांच्या भिंतींवर शेकडो वर्षांपूर्वीचे रंगीत संत. पावसाचं पाणी साठवायला खडकाच्या पोटात खोदलेल्या टाक्या. समर्थनं सांगितलेलं सगळं आप्पांनी तोंडपाठ केलं होतं.

“ह्याला म्हणतात वारसा. जगानं मान्य केलेला. नाहीतर आपण! शेजारच्या आत्मारामाला पणजोबाचं नाव विचारा, आठवायचं नाही.”

आत्माराम ओशाळं हसला. बाकीचेही हसले. आप्पांना माणसं अशी सतरंजीवर खाली बसलेली आणि आपण खुर्चीवर, असंच आवडायचं.

आतून घावनांचा वास येत होता. आप्पांची बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. पाहुण्यांपुढं बाहेरच्या बाईच्या हातचं नको, म्हणून त्यांनी मुलीला, नम्रताला, बोलावून घेतलं होतं. तिला लांज्याहून मोटारसायकलवर घेऊन आलेला तिचा नवरा, दर्शन, घरापुढच्या खळ्यात जांभ्या चिऱ्यांच्या ढिगावर बसला होता. शेजारी रिकामा कागदी कप. लग्नाला तीन वर्षं झाली, पण त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. आईबाप विजापूरकडून चिरेखाणीवर मजुरीला आलेले, आणि हा तिथंच, खाणीतल्या पत्र्याखाली जन्मलेला. आता लांज्यात त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. पण त्यामुळं आप्पांना काहीच फरक पडत नव्हता. “बिळात जन्मलेल्याला घरात घ्यायची आपल्याकडं पद्धत नाही,” असं त्यांनी नम्रताला वाडीदेखत एकदाच सांगितलं होतं. पुन्हा सांगायची वेळ तिनं आणली नव्हती.

टीव्हीवर एका हॉटेलची खोली आली. वर कमानीसारखं कोरलेलं दगडी छत, कोपऱ्यात पांढराशुभ्र बाथटब, भोवती मेणबत्त्या.

रोक्कोंनी एकदम हात वर केला. ते उठून टीव्हीजवळ गेले. त्या बाथटबवर बोट ठेवून ते भराभर काही बोलू लागले. आन्नानं खाली मान घातली.

“काय म्हणतायत?” आप्पांनी विचारलं. समर्थनं आन्नाकडं बघितलं.

“अरे, हॉटेल त्यांचंच आहे काय? सांग ना! मोठ्यानं सांग, ह्यांनाही कळू दे.”

समर्थ सांगू लागला. “ते म्हणतायत, हे त्यांचं घर होतं. हॉटेल नव्हतं तेव्हा. खडकात खोदलेली गुहा होती. ते आठ भावंडं, आईबाप आणि एक खेचर, सगळे ह्याच खोलीत. टब आहे ना, तिथं खेचर बांधायचे. दोन भावंडं तापानं तिथंच गेली.”

ओटीवरच्या माना टीव्हीकडून रोक्कोंकडं वळल्या. समर्थ पुढं सांगत राहिला.

“मग सरकारनं सगळ्या गुहा रिकाम्या केल्या. तेव्हा ह्या वस्तीला देशाची लाज म्हणायचे. ह्यांना नव्या घरात नेलं, नव्या शाळेत घातलं. तिथं मास्तर ह्यांना दाराबाहेर बसवायचे. गुहेतल्या पोरांना वास येतो म्हणून.”

“म्हणजे... बिळात?” आत्मारामानं विचारलं. त्याच्या आवाजात खोडी होती की नाही, ते आप्पांना कळलं नाही. त्यांनी टीव्ही बंद केला.

“घावनं आण गो!” ते आत बघून ओरडले.

नम्रता ताट घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. रोक्कोंनी ताट घेतलं, पण त्यांची नजर खळ्याकडं गेली. तिथं बसलेला तो मुलगा कोण, तो आत का येत नाही, असं त्यांनी समर्थला विचारलं. प्रश्न कळायला कुणाला इटालियन येण्याची गरज नव्हती.

“नम्रताचा नवरा आहे म्हणून सांग आणि विषय मिटव,” आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

“तो खाणीत जन्मला म्हणून आप्पा त्याला आत घेत नाहीत, हेही सांग,” नम्रता म्हणाली. “सांग, समर्थ. त्यांचं सांगितलंस ना, आता आमचंही सांग.”

समर्थनं बापाकडं बघितलं, मग बहिणीकडं. आणि सांगितलं.

ताट घेऊन रोक्को ओटीच्या पायऱ्या उतरले आणि अनवाणीच खळ्यात गेले. चिऱ्यांच्या ढिगावर दर्शनशेजारी बसले. ताट दोघांच्या मध्ये ठेवलं आणि घावन मोडून अर्धं त्याच्या हातात दिलं. थोड्या वेळानं आन्नाही जाऊन त्यांच्याजवळ बसली.

ओटीवरची माणसं आता टीव्हीकडं पाठ करून खळ्याकडं बघत होती. उद्या हे वाडीभर, परवा बाजारात. व्याही दगडांवर आणि आपण खुर्चीवर! आप्पा घाईघाईनं उठले. पायरीवर आले. तोंडावर हसू आणलं.

“दर्शनराव!” त्यांनी जावयाला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. “अहो, परक्यासारखे बाहेर काय बसलायत? घर तुमचंच आहे. या, आत या.”

दर्शन लगेच उठून उभा राहिला, सासऱ्यापुढं उभं राहावं तसा. हातातलं घावन त्यानं खाली ठेवलं नाही.

“येईन ना, आप्पा,” तो शांतपणे म्हणाला. “आमच्या खाणीचं हॉटेल झालं, की नक्की येईन.”