नजरेचं माप

हाताने शिवलेलं जाकीट परत पाठवायचं, तेही शाळेच्या शिपायाबरोबर, ही कुठली रीत? आजीने पुडकं शिलाई मशीनवर आपटलं. आतली घडी मोडून पुन्हा घातलेली दिसत होती. म्हणजे नातीच्या शाळेतल्या बाईंनी जाकीट पाहिलं होतं, आणि पाहून नाकारलं होतं.

सुनेने सोबतची चिठ्ठी वाचून दाखवली. "आजी, राग मानू नका. हे जाकीट मला ठेवून घेता येणार नाही."

"पुढे?"

"पुढे काही नाही, आई."

"आमच्या पोरीच्या कॉलेजसाठी शिफारस दोन पानं लिहिली, आणि मला दोन ओळींत गुंडाळलं!"

सून हळूच म्हणाली, "बाकीच्या मुलांनी आभार म्हणून पेन दिलं, कुणी फुलाची कुंडी दिली. आपल्या पोरीने तर किती छान पत्र लिहिलं त्यांना. तेवढं पुरे होतं."

"पत्र तिचं झालं. माझं काय?"

आजीला सहीपुरतं लिहिता यायचं. बाकी जे सांगायचं ते तिने सुईनेच सांगितलं होतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, पण कुणाच्या अंगाला टेप लावली नाही. गिऱ्हाईक दारातून येऊन बसेपर्यंत त्याचं माप तिच्या डोळ्यांत उतरलेलं असे. बाईंना तर तिने अख्खं वर्ष पाहिलं होतं. नातीचे कॉलेजचे अर्ज भरायला त्या याच खोलीत बसत. नात मशीनशेजारच्या स्टुलावर, बाई समोर. अर्जासोबतचा एकेक निबंध चार-चार वेळा लिहून घेत. शेवटी दूरच्या शहरातलं चांगलं कॉलेज मिळालं आणि नात गेली. स्टूल तिथेच राहिलं. येता-जाता पायात यायचं, पण आजी ते कुणाला हलवू देत नव्हती.

आजीने पुडकं काखेत मारलं आणि तडक शाळा गाठली.

शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच वह्या तपासत होत्या. टेबलावर नवी पेनं, एक कप, खिडकीत कुंडी. आजीने सगळं एका नजरेत टिपलं.

"पेनं चालतात. माझं जाकीट तेवढं टोचलं का?"

"आजी, बसा ना."

"बसायला नाही आले. कापडात खोट आहे की शिलाईत, तेवढं सांगा. उभ्या-उभ्या ऐकते."

बाई जागेवरून उठल्या. पुडकं सोडलं, जाकीट बाहेर काढलं आणि बाहीत हात घातला. हात कोपरापाशी अडकला. मग त्यांनी ते खांद्यांशी धरून दाखवलं. दोन्हीकडून चार-चार बोटं कमी पडत होतं.

आजी पुढे सरकली. अशी चूक तिच्या हातून कधी, अगदी शिकाऊ असतानासुद्धा, झाली नव्हती. तिने जाकीट ओढून घेतलं आणि उलटं केलं. शिलाई सरळ होती. अस्तर चोख होतं. अस्तराच्या आत डावीकडे एक चोरखिसा होता. बाईंनी तो मागितला नव्हता. तो लहानपणापासून एकीलाच लागायचा.

आजीचं बोट खांद्यांवरून फिरलं. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धं बोट खाली कापलेला होता. शाळेचं जड दप्तर बारा वर्षं एकाच खांद्यावर वाहिलं की माणूस तसाच होतो.

"मी घडी उलगडली आणि ओळखलं," बाई म्हणाल्या. "हा खांदा मी रोज पहिल्या बाकावर पाहिलाय. चिठ्ठीत कसं लिहू, सुचेना. आता तिकडे थंडीही सुरू झाली असेल, आजी. तिला पाठवून द्या."

आजीने जाकीट पुन्हा सुलट केलं. मग तिने त्याची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या, वरून हात फिरवला. दोनदा फिरवला. पुडक्याची सुतळी टेबलावर पडली होती, ती उचलली.

"उभ्या राहा नीट."

"आजी, खरंच नको. मला काही द्यायची गरज..."

"हात वर."

बाईंनी हात वर केले. आजीने आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी अंगाला मापाची सुतळी लावली. या टोकाला एक गाठ मारली, त्या टोकाला दुसरी. दुसरी गाठ काही केल्या बसेना. डोळ्यांपुढे सुतळी दिसत नव्हती, पण आवाज मात्र तिने खणखणीत ठेवला.

"चूक तुमचीच आहे, बाई. पोरगी पाठवलीत, ते बरं केलंत. तिचं माप तेवढं माझ्या हातात राहू दिलंत."