अडीच रुपयांची तक्रार

"दोन लिंबं घेतली तरी अडीच रुपये कापता? दिवसाढवळ्या लूट आहे ही!" खानोलकर काकांनी कार्ड काउंटरवर आपटलं.

बँकेतली मुलगी नवीन होती, पण शांत होती. "काका, हे तुमच्या कार्डावरच्या जादा सोयीचं शुल्क आहे. नको असेल तर सोय बंद करते."

"करा बंद! आत्ताच्या आत्ता!"

तिने कार्ड यंत्रावर ठेवलं आणि परत दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच बँकेने त्यांचं ऐकलं होतं. काका ऐटीत मंडईत आले. लिंबं, मेथीची जुडी घेऊन त्यांनी फुलाबाईच्या यंत्राला कार्ड टेकवलं. नुसतं टिंग वाजलं.

"आज काकू बोलल्या नाहीत?" फुलाबाईने विचारलं.

काकांनी कार्ड सदऱ्याला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा टिंग. सुहासिनीकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, पण कार्ड रोज त्यांच्याच आवाजात म्हणायचं, "पैसे पोचले. पिशवी विसरू नका हं."

काकांनी तिथूनच बँकेत फोन लावला.

"ते शुल्क आवाजाचंच होतं, काका," ती मुलगी म्हणाली. "जुना आवाज पुसला गेला. पण काळजी करू नका, नवा मी फुकट रेकॉर्ड करून देते. फक्त काकूंना पाच मिनिटं घेऊन या."

"बरं," काका म्हणाले. फोन खिशात ठेवून ते चालू लागले.

"अहो काका," फुलाबाईने मागून हाक मारली, "पिशवी राहिली!"