सासूबाईंची आरोळी

टेपवर यंत्रातली बाई ओरडली, "समोर डोंगर! वर घ्या!" मग जावयाचं हसू ऐकू आलं. "ओरडू दे सासूबाईंना," तो सहवैमानिकाला म्हणाला. बटणाचा खटका वाजला. बाई गप्प झाली. त्यानंतर डोंगर.

विमान कंपनीच्या चौकशीला सगळे बडे लोक जमले होते. मास्तर टेबलाच्या टोकाला खाली मान घालून बसले होते. कंपनीचे वैमानिक त्यांच्याच हाताखाली तयार व्हायचे. त्यांतल्या एकाला, टेपवर हसणाऱ्याला, त्यांनी मुलगीही दिली होती.

त्या मार्गावर सीमेपलीकडून कोणीतरी खोटे संदेश सोडायचं. विमानाला वाटायचं, आपण भलतीकडेच आहोत. मग सपाट माळरानावरही डोंगराची बोंब उठायची. वैमानिक दचकून विमान वर खेचायचे आणि मागे प्रवासी एकमेकांवर आदळायचे. खरं-खोटं निवडणारं यंत्र बाजारात होतं, पण महाग होतं. मास्तर स्वस्त होते. म्हणून प्रशिक्षण निघालं. नकली कॉकपिटमध्ये मास्तर बोंब लावून द्यायचे आणि जो दचकेल त्याला पुन्हा बसवायचे. आवाजाचं 'सासूबाई' हे बारसंही त्यांनीच केलेलं. "कितीही कोकलल्या तरी आपण ढिम्म हलायचं नाही," ते सांगायचे. वर्ग खो खो हसायचा. जावई जरा जास्तच.

"वैमानिक कच्चा होता, दुसरं काय!" कंपनीचे अध्यक्ष म्हणाले. "उपाय उघड आहे. प्रशिक्षण दुप्पट करायचं. मास्तर, नवा विभाग तुमच्याच हाताखाली. तुम्ही फक्त तो कच्चा होता एवढं लिहून द्या."

सकाळी निघताना मुलगी दारापर्यंत आली होती. "बाबा, ह्यांच्या माथी काही मारू देऊ नका," एवढंच म्हणाली होती. बापाच्या माथी काय येईल, हे तिला ठाऊक नव्हतं.

अध्यक्षांनी पेन पुढे सरकवलं. मास्तरांनी ते परत त्यांच्यासमोर ठेवलं.

"कच्चा होता, साहेब. सुरुवातीला. आवाज आला की घाम फुटायचा त्याला. घरचा माणूस म्हणून मी जास्तच घोटून घेतला."

"मग? तरी कमीच पडलं ना?"

"नाही साहेब. पहिला आला तो. जरा कच्चा राहिला असता, तर सगळे वाचले असते."