पहिलंच बाळ

"हे पहिलंच बाळ?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो, पहिलंच," शर्मिष्ठा म्हणाली, आणि मांडीवरच्या आकांक्षाचं झबलं उगाच खाली ओढत बसली. पोरगी वर्षाची व्हायला आली होती, पण अजून हाकेला वळत नव्हती.

थोरला बाहेर फणसाखाली होता. मितेश, सहा वर्षांचा. धड बोलत नव्हता, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. स्वमग्न आहे, असं दुसऱ्या एका दवाखान्यात सांगितलं होतं. त्याला आत आणू नका, असं त्याच्याजवळ थांबलेल्या सासऱ्यांना दहादा बजावूनच ती आत आली होती.

मालवणहून कणकवलीपर्यंत एसटीत तिनं हे खोटं मनात घोटलं होतं. थोरल्याचं कळलं की डॉक्टरबाई धाकटीवर तोच शिक्का मारून मोकळ्या होतील, तपासतील कशाला? निदान स्वतःची समजूत तिनं अशी घातली होती. खरं तर तिला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

"घरात कुणाला असा त्रास? भावंडाला असेल तर बाळाला पहिल्या वर्षापासून वरचेवर बघावं लागतं. म्हणून विचारते."

"कुणालाच नाही." दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

"आकांक्षा!" डॉक्टरबाईंनी हाक मारली. पोरगी खुर्चीचा पाय न्याहाळत राहिली. बाईंनी भिंतीवरच्या मोराकडे बोट केलं. तिनं बोटाकडे पाहिलं, मोराकडे नाही.

इतक्यात खिडकीबाहेरून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" देवळात गाऱ्हाणं घालताना गावकरी म्हणतात, तेच. मितेशला तेवढंच यायचं, आणि तो ते दिवसभर म्हणायचा.

आकांक्षाची मान गर्रकन वळली. हात वर झाला, बोट खिडकीकडे गेलं. मग तिनं आईकडे पाहिलं. पुन्हा खिडकीकडे, पुन्हा आईकडे.

"अगं बाई!" डॉक्टरबाई हरखल्या. "नुसतं दाखवत नाहीये, तुम्ही बघताय का तेही बघतेय. फार चांगलं आहे हे. बघा ना तिकडे. कोण आहे?"

शर्मिष्ठाची मान काही वर होईना. पोरीचं बोटही खाली येईना.

"तिचो दादा," ती शेवटी म्हणाली. इतका वेळ जपून बोललेली पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "माझो थोरलो. तेका बोलूक येणा नाय. माका लाज वाटली, बाई."

बाई रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. "त्याला आत आणा," त्या म्हणाल्या. "हिचं आज लगेच काही सांगता येणार नाही. पुन्हा पुन्हा बघू."

शर्मिष्ठा उठली. जिला माणसं कळतात की नाही हे बघायला आणलं होतं, तिनं भावाला चारचौघांत ओळख दाखवली होती. दाखवली नव्हती ती आईनं.