साडूपेक्षा भारी गॅस्केट

“माणसानं आयुष्यात कुणाचाही हेवा करू नये,” असं शिंत्रेसाहेबांनी स्पेअर पार्टच्या दुकानात शिरताशिरता जाहीर केलं आणि काउंटरवर रेलून हळूच विचारलं, “आमच्या साडूनं कुठलं नेलं?”

साडूच्या टर्बो गाडीचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं झाकण (हेड) यांच्यामधला पातळ पत्रा, मागच्या वर्षीच उडालं होतं. त्यानं पोलादी गॅस्केट आणि हेड आवळणारे जाड स्टड बसवले आणि तेव्हापासून सासरेबुवा पंगतीत त्याच्याच इंजिनाचं कौतुक करत. आंबा घाटात आता साहेबांच्या गाडीचंही गॅस्केट उडून वाफ निघाली, तेव्हा त्यांना दुःखापेक्षा उत्साहच जास्त वाटला.

“त्यांनी तीन पदरी नेलं,” दुकानदार म्हणाला. “तुम्हाला कंपनीचं साधं पुरतंय की.”

“पाच पदरी दाखवा. आणि स्टड त्याच्यापेक्षा भारी.”

“रेसला नेणार काय गाडी?”

“सासरवाडीला.”

दुकानदारानं लाल खोक्यातून चकाकतं गॅस्केट आणि स्टड काढून काचेवर मांडले. साहेबांचे डोळे निवले.

“बसवल्यावर हे दिसतं कुठून?”

“दिसतंय कुठलं? इंजिनाच्या पोटात जातंय. मेकॅनिक सोडला तर कुणाला दिसायचं नाही.”

पंगत थांबवून, हेड उतरवून सासरेबुवांना आत डोकावायला लावणं कसं दिसेल, हे साहेबांनी मनात आणून पाहिलं. जमण्यासारखं नव्हतं.

“मग कंपनीचं साधंच द्या,” ते म्हणाले. “फक्त हे लाल खोकं तेवढं द्या. मागच्या काचेत ठेवतो.”