जांभळा-पिवळा मफलर

“बघ, माझी राणी कशी धावतेय!” ह्यांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. निवृत्तीपर्यंत ह्यांनी चालवलेलं डिझेल इंजिन भंगारात न जाता परदेशी गेलं होतं. नवा रंग, नवे रूळ, नवा ड्रायव्हर. उतारवयात सवत नटली, मी मात्र भांडीच घासतेय! “माझ्याकडे कधी असं पाहिलंत?” मी फणकारले. तेवढ्यात व्हिडिओत इंजिनाची केबिन दिसली. ब्रेकच्या दांड्याला गुंडाळला होता माझा हरवलेला मफलर, जांभळी लोकर संपल्यावर आईनं पिवळ्या लोकरीनं पुरा केलेला. “थंडीत दांडा हाताला चावायचा गं,” हे पुटपुटले. “तेव्हाच का नाही बोललात?” “तू वहिनीवर आळ घेऊन मोकळी झाली होतीस. मग हिंमत झाली नाही.” बारा वर्षं मी जाऊबाईंशी अबोला धरला होता. मोबाईल हिसकावून मी त्यांना फोन लावला. “जाऊबाई, मफलर सापडला. सवतीच्या गळ्यात.”